कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन उघडून बसवल्यावर आवाज येतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बुलेट ३५० च्या जुन्या इंजिनाबद्दल आहे. बिडाचं सिलिंडर, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, वेगळा गिअरबॉक्स आणि पॉइंटचं इग्निशन. या इंजिनाला स्वतःचा आवाज असतोच, अगदी नवं असतानाही होता. त्यामुळे "आवाज येतोय" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कामाआधी नव्हता आणि कामानंतर आला, तोच आवाज शोधायचा.

प्र. इंजिनचं काम करून गाडी आणली आणि नवीन आवाज आहे. सुरुवात कुठून करू?

कामात नक्की काय काय उघडलं, याची यादी मेकॅनिककडून घ्या. नव्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा हात लागलेल्या भागातच असतं. फक्त हेड उतरवलं असेल तर टॅपेट आणि रॉकर (हे व्हॉल्व्ह उघडतात), हेड गॅस्केट, सायलेन्सरचा बेंड पाईप आणि डिकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) एवढेच संशयित. बोअर-पिस्टन झालं असेल तर त्यांत पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी) मिळवा. उजवीकडचं टायमिंग कव्हर उघडलं असेल तर सगळ्यात आधी ऑइलचा प्रवाह बघा, आवाज नंतर. डावीकडे क्लचप्लेटा बदलल्या असतील तर आतली प्रायमरी चेन आणि मॅग्नेट (क्रँकवर फिरणारं, वीज तयार करणारं चुंबक). क्रँक उघडून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) केला असेल तर मात्र सगळंच तपासायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन परत उघडायची घाई करू नका. टॅपेट, टायमिंग, चेन, गळती आणि ऑइल या पाच गोष्टी बाहेरून तासाभरात तपासून होतात आणि निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. प्रत्येक वेळी इंजिन उघडलं की गॅस्केट नवी लागते, स्टडचे आटे थोडे जातात आणि नव्या चुकीला वाव मिळतो.

प्र. कोणता आवाज आला तर गाडी लगेच बंद करायची?

तीन. पहिला, ॲक्सिलरेटर देताना खोलातून येणारी जड ठोकठोक, जी पायाला फूटरेस्टमधून जाणवते. दुसरा, चालू गाडीची ताकद अचानक कमी होऊन येणारा कोरडा चिरका आवाज. हे पिस्टन सीज होण्याचं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकण्याचं लक्षण आहे. क्लच ताबडतोब दाबा, थ्रॉटल सोडा, बाजूला थांबा, आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत किक मारू नका. तिसरा, धातू धातूला घासल्यासारखा फेऱ्याफेऱ्याला येणारा आवाज.

"घरी नेऊन बघू" म्हणत अशा अवस्थेत पाच किलोमीटर गाडी चालवली, तर बुशचं काम क्रँकपिनवर जातं. बाकीच्या आवाजांना वेळ देता येतो.

प्र. आवाज नक्की कुठून येतोय हे कसं ओळखायचं?

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. लाकडी काठीही चालते. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. क्रम असा ठेवा: रॉकर कव्हर, सिलिंडरची वरची बाजू, सिलिंडरचा तळ, उजवीकडचं टायमिंग कव्हर, डावीकडचं चेन कव्हर. कपड्याचं टोक किंवा ओढणी फिरत्या भागाजवळ जाणार नाही एवढं बघा.

जागेइतकाच ठेकाही महत्त्वाचा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेट, रॉकर आणि व्हॉल्व्हचा आवाज दोन फेऱ्यांत एकदा येतो. पिस्टन, बिग एंड आणि मॅग्नेटचा आवाज प्रत्येक फेरीला येऊ शकतो. बुलेट ९०० आरपीएमवर स्लो चालत असेल तर एका टॅपेटच्या मिनिटाला ४५० टिकटिक होतात. मोजायची गरज नाही. सायलेन्सरच्या प्रत्येक ठोक्याला एकच टिक जुळते का ते ऐका. जुळली तर आवाज वरच्या भागातला, एका ठोक्याला दोन ऐकू आल्या तर क्रँकच्या बाजूचा संशय घ्या. पण दोन्ही टॅपेट सैल असतील तरीही दोन टिक येतात, त्यामुळे टॅपेट सेट केल्याशिवाय या मोजणीवर भरवसा ठेवू नका.

मग तीन प्रयोग करा. थंड इंजिन आणि वीस मिनिटं चाललेलं गरम इंजिन, दोन्हींचा आवाज ऐका. क्लच दाबून आणि सोडून ऐका, दाबल्यावर आवाज बदलला तर तो क्लच किंवा गिअरबॉक्सकडचा. शेवटी उभ्या गाडीवर रेस देऊन आणि रस्त्यावर वजन खेचताना ऐका. बिग एंड आणि पिंगिंग (वजन खेचताना येणारी किणकिण) उभ्या गाडीवर लपून राहतात.

प्र. टॅपेट सेट करायची बरोबर पद्धत कोणती?

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. सकाळी किक मारण्याआधीच हे काम करा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, टॉप गिअर टाका. आता मागचं चाक हाताने पुढे फिरवलं की इंजिन फिरतं. सिलिंडरच्या उजव्या बाजूला, खाली असलेलं टॅपेटचं झाकण काढा. दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतील. चाक फिरवत राहा. इनटेकचा पुशरॉड वर जाऊन पूर्ण खाली आला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर यायला लागतो. तो अगदी वर, टीडीसीला आणा. प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची स्ट्रॉ घालून पिस्टनची चाल समजते. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. भोक तिरकं आहे, तो अडकला तर पिस्टनच्या डोक्याला घाव बसतो. या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.

टॅपेटवर तीन षटकोन आहेत: टॅपेटचा दांडा, लॉकनट आणि पुशरॉड ज्यावर टेकतो तो ॲडजस्टर. दांडा एका पातळ पान्याने धरून दुसऱ्याने लॉकनट सैल करा आणि ॲडजस्टर फिरवा. पुशरॉड दोन बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. ही फट फिलर गेजने मोजायची नसते, बोटांना कळते. दोन्ही पुशरॉडना हेच माप.

चूक होते ती यानंतर. लॉकनट आवळताना ॲडजस्टर थोडा फिरतो आणि माप बदलतं. म्हणून आवळल्यावर पुन्हा पुशरॉड फिरवून बघा. मग चाकाने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवा, परत टीडीसीला आणा आणि पुन्हा तपासा. दुसऱ्या वेळी सैल लागला, तर पहिल्या वेळी टीडीसी चुकला होता. बहुतेक वेळा एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटचा टीडीसी पकडलेला असतो. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात.

प्र. फट शून्य ठेवली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहणार नाही का?

नाही. या इंजिनात सिलिंडर आणि हेड तापून उंच होतात, पुशरॉड त्यामानाने थंड राहतो. त्यामुळे गरम झाल्यावर थोडी फट आपोआप तयार होते. गरम बुलेटची हलकी टिकटिक ती हीच. ती बंद व्हावी म्हणून गरम इंजिनावर टॅपेट आवळू नका. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन मिळत नाही, किकला गाडी लागत नाही. चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते, कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. शांत टॅपेटचा हट्ट या इंजिनात सोडलेला बरा.

प्र. काम झाल्यावर ५०० किलोमीटरला मेकॅनिकने हेड पुन्हा आवळलं. आवाज गेला, पण आता गाडी स्लोवर बंद पडते.

हेड आवळलं की गॅस्केट दबते, हेड आणि रॉकर किंचित खाली येतात. पुशरॉडची लांबी तीच असल्याने टॅपेटची फट संपते. आवाज जाणं इथे चांगलं लक्षण नाही. हेड आवळल्यावर टॅपेट दर वेळी नव्याने सेट करावेच लागतात. आवळणंही पूर्ण थंड इंजिनावर, समोरासमोरचे नट आलटून पालटून, थोडं थोडं.

व्हॉल्व्ह घासून किंवा सीट कापून बसवले असतील तरी हेच होतं. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो, त्याचा दांडा वर सरकतो आणि फट कमी होते.

प्र. टॅपेट तीनदा सेट केले, तरी वरून टिकटिक येतेच.

मग ती टॅपेटची नाही. पुढची ठिकाणं या क्रमाने बघा.

एक्झॉस्टचा बेंड पाईप हेडला जिथे बसतो तिथली गळती टॅपेटसारखीच ऐकू येते. थंड इंजिन चालू करून त्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे आले तर तिथेच. काळी काजळीही खूण देते. हेड गॅस्केटची गळती अशीच शोधायची. तिचा आवाज रेस दिल्यावर वाढतो आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये ऑइलचा ओला पट्टा दिसतो.

डिकॉम्प्रेसरची केबल ताणलेली असेल तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फुसफुस होते. केबलला एक-दोन मिलिमीटर ढील ठेवा.

पुशरॉड ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या टोकांना स्टीलच्या टोप्या दाबून बसवलेल्या असतात. टोपी सैल झाली की टॅपेट कितीही सेट करा, टिकटिक राहतेच. पुशरॉड काढून टोपी बोटांनी हलवून बघा. काढताना कुठला इनटेकचा, कुठला एक्झॉस्टचा आणि वरची बाजू कुठली, याची खूण करा.

राहिला रॉकर. रॉकरचे ब्लॉक दोन अर्ध्यांचे असतात आणि ते अर्धे जोडीनेच घडवलेले असतात. हेडचं काम करताना एका ब्लॉकचा वरचा भाग दुसऱ्यावर गेला की रॉकर एक तर जाम बसतो किंवा खडखडतो, आणि ऑइलचं भोकही जुळत नाही. ब्लॉक आवळल्यावर रॉकर स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर आवाज हा त्यातला छोटा प्रश्न. तो रॉकर ऑइलशिवाय फिरतोय.

प्र. नवीन बोअर-पिस्टन केलंय. सकाळी थंड असताना खडखड येते, पाच मिनिटांनी जाते.

हा पिस्टन स्लॅप. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचं. सारख्या तापमानवाढीत ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ७० मिमी बोअरला १०० अंश तापमान वाढलं तर पिस्टन सुमारे ०.१५ मिमी वाढतो आणि बोअर ०.०७ मिमी. म्हणजे थंड असताना ०.१० मिमी फट ठेवली असेल तर गरम झाल्यावर ०.०२ च्या आसपास उरते. थंडपणी थोडा आवाज येणं हा या हिशेबाचाच भाग आहे. तो अजिबात येऊ नये म्हणून लेथवाल्याकडून बोअर "टाइट" करून घेतला, तर घाटात पिस्टन सीज होण्याची पाळी येते.

चिंता कधी करायची? गरम झाल्यावरही आवाज राहिला तर. तेव्हा प्लग काढून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये घाला, दोन-चार किक मारा, प्लग लावून चालू करा. एक-दोन मिनिटं आवाज बसला आणि ऑइल जळून गेल्यावर परत आला, तर फट जास्त झाली आहे. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे मिळतात. बोअर मात्र पिस्टन हातात घेऊन, तो मायक्रोमीटरने मोजूनच करायचा असतो. बॉक्सवरचा आकडा बघून बोअर केला की फट नशिबावर जाते.

पिस्टनच्या डोक्यावर दिशेची खूण असेल आणि तो उलटा बसला असेल तरी खडखड येते. हे हेड उतरवल्यावर लगेच दिसतं.

प्र. बोअर न करता फक्त रिंगा बदलल्या. जोरात पळवली की टणटण वाजतं.

झिजलेल्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जुनी रिंग जिथपर्यंत जात होती त्याच्या वर, न झिजलेला एक काठ राहतो. नव्या रिंगेची कड चौकोनी असते, ती या काठावर आपटते. वरची रिंग तुटण्याआधी काम करून घ्या. नखाने काठ जाणवत असेल तर नुसत्या रिंगा टाकायच्या नसतात.

रिंग बोअरमध्ये सरळ ठेवून टोकांमधली फट मोजली होती का, हेही विचारा. ७० मिमी बोअरला ०.२८ ते ०.४० मिमी ठीक. फट नसेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

प्र. बिग एंड गेला हे कसं ओळखायचं? गजन पिनचा आवाज वेगळा असतो का?

गजन पिन किंवा स्मॉल एंड बुशचा आवाज हलका, कडक आणि बऱ्याचदा दुहेरी असतो, टक-टक. तो स्लोवर आणि हलक्या थ्रॉटलला जास्त ऐकू येतो. बिग एंडचा आवाज जड असतो, वजन घेताना वाढतो, आणि थ्रॉटल एकदम सोडल्यावर त्याचा पोत बदलतो.

खात्री सिलिंडर उतरवल्यावरच होते. क्रँक टीडीसीला आणा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढा आणि खाली दाबा. या दिशेने हाताला जाणवणारी ढील असता कामा नये. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, तो सरकायलाच हवा. त्यावरून बिग एंड गेला असं कोणी सांगत असेल तर पटवून घेऊ नका. ओढून बघताना रॉड तिरका होऊन ढील असल्याचा भास होतो, म्हणून तो आधी एका बाजूला सरकवून धरा.

बिग एंड उघडण्याआधी मॅग्नेटचा नट नक्की तपासा. त्याबद्दल खाली आहे.

प्र. बिग एंड नुकताच केला होता. हजार किलोमीटरमध्ये पुन्हा का गेला?

बहुतेक वेळा ऑइल पोचलं नाही म्हणून. जुन्या इंजिनात बिग एंडला पांढऱ्या धातूचा लेप असलेला फ्लोटिंग बुश असतो. तो ऑइलच्या थरावर तरंगतो, थर तुटला की काही मिनिटांत खलास. रोलर बेअरिंग टाकलेला बिग एंड थोडा वेळ जास्त सोसतो, एवढंच.

ऑइलची वाट समजून घ्या. उजव्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात, क्रँकच्या टोकावरच्या वर्ममधून (स्क्रूसारख्या गिअरमधून) चालणारे. एक ऑइल फिल्टरमधून क्रँकच्या टोकात पाठवतो, तिथून ते बिग एंडला जातं. दुसरा खाली साचलेलं ऑइल उचलून रॉकरमार्गे परत पाठवतो. कव्हरमधून फिरत्या क्रँकमध्ये ऑइल शिरतं तिथे एक छोटा सील असतो. कव्हर बसवताना तो दुमडला, जुनाच कडक झालेला ठेवला किंवा विसरला, तर ऑइल बिग एंडला न जाता टायमिंग कव्हरमध्येच सांडतं. बाहेरून काहीही कळत नाही. कव्हर उघडलं की हा सील नवा टाकायचा, मग तो कितीही चांगला दिसो.

वर्म काढताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे आहेत. सरळ आटे समजून जोर लावला की तो तुटतो किंवा आटे खराब होतात. पंपाची चकती तिच्या बैठकीवर स्प्रिंगने दाबलेली असते. पंपाच्या झाकणाला जाड गॅस्केट कापून लावली की दाब कमी पडतो आणि पंप नुसता फिरत राहतो.

प्र. रॉकरला ऑइल येतंय. म्हणजे सगळं ठीक ना?

नाही, आणि या गैरसमजात बरेच क्रँक गेले आहेत. रॉकरच्या पाइपचा बँजो बोल्ट (ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करून ऑइल पाझरताना दिसलं, तर परतीचा पंप चालू आहे एवढं सिद्ध होतं. तेच ऑइल काही मिनिटं सतत येत राहिलं तर पुढचा पंपही चालू आहे, कारण तो पाठवतो तेच परत येतं. पण ते बिग एंडमधून आलं की सीलपाशी सांडून आलं, हे यातून कळत नाही. त्यासाठी सीलची खात्री बसवतानाच करावी लागते.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करण्याआधी फिल्टरचं घर ऑइलने भरून घ्या. फिल्टरची फेल्ट, स्प्रिंग आणि वॉशर यांचा क्रम काढताना फोटो काढून ठेवलेला बरा. मग प्लग काढून रॉकरच्या बँजोला ऑइल दिसेपर्यंत किक मारा. चाळीस-पन्नास लागतील. हे न करता चालू केलेल्या इंजिनाचा बिग एंड पहिली काही मिनिटं कोरडा फिरतो.

प्र. उजवीकडून सुं-सुं असा सूर येतो.

टायमिंग गिअरचा. सरळ दात्यांचे गिअर थोडे वाजतातच. एकाच सेटमधले गिअर न घालता एखादाच नवा टाकला तर सूर वाढतो. रेसबरोबर चढणारा एकसारखा सूर घेऊन गाडी वर्षानुवर्षं चालते. त्यात खडखड मिसळली तर कॅमचे स्पिंडल आणि बुश बघा. कव्हर उघडलंच तर गिअरवरच्या ठिपक्या-रेषा जुळलेल्या आहेत ना, तेही बघून घ्या.

प्र. डाव्या बाजूने खळखळ येते, रेस दिली की कमी होते.

प्रायमरी चेन सैल. स्लोवर ती फडफडते, ताण आला की शांत होते. चेन कव्हर मधल्या एकाच नटावर असतं, तो काढायचा. चेनच्या मधोमध वर-खाली सुमारे ६ मिमी खेळ हवा. इंजिन फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि सगळ्यात घट्ट लागेल त्या ठिकाणी ६ मिमी ठेवा. सैल ठिकाणी सेट केलं तर घट्ट ठिकाणी ती क्रँक आणि क्लचच्या बेअरिंगवर ओढ टाकते, मग घरघर सुरू होते. कव्हर बसवल्यावर लेव्हल स्क्रूपर्यंत ऑइल भरायचं.

याच कव्हरमध्ये मॅग्नेटही आहे. क्लचचं काम झाल्यावर घासल्यासारखा आवाज आला तर स्टेटर नीट मध्यावर बसलेला नाही. मॅग्नेट आणि स्टेटरमध्ये सगळीकडून किमान ०.२ मिमी फट पाहिजे. लोखंडी फिलर गेज मॅग्नेटला चिकटतं, म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी वापरा. तिची जाडी साधारण तेवढीच असते. क्रँक फिरवत सगळीकडून पट्टी अडथळ्याशिवाय गेली पाहिजे.

मॅग्नेटचा नट सैल असेल किंवा चावी झिजली असेल तर मॅग्नेट क्रँकवर पुढे-मागे आपटतो आणि हुबेहूब बिग एंडसारखी जड ठोकठोक देतो. पूर्ण क्रँक उघडून काहीच न सापडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. कव्हर काढून मॅग्नेट हाताने हलवून बघायला अर्धा तास लागतो.

प्र. खंबाटकी चढताना टॉप गिअरमध्ये किणकिण वाजते. सपाटीवर काहीच नाही.

पिंगिंग. इंजिनात काही तुटलेलं नाही, पण असंच चालवलं तर तुटेल. आधी गिअर कमी करा. नव्वद मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनाला कमी आरपीएमवर ओढायला लावणं ही त्याची जुनी छळवणूक आहे.

मग टायमिंग बघा. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. आधी फट, नंतरच टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंग बदलतं. ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं) पूर्ण मागे असताना पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी आधी असेल तेव्हा पॉइंट नुकते उघडले पाहिजेत. हे क्रँकचे साधारण नऊ-दहा अंश होतात. उघडण्याचा क्षण पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून कळतो, ती हलकेच ओढताना ज्या क्षणी सुटते तो. ॲडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर टायमिंग बरोबर लावूनही पिंगिंग राहतं.

टायमिंग ठीक असेल तर मिक्स्चर बघा. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल, किंवा मेन जेट अर्धवट बुजला असेल, तर मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी नाही, त्यामुळे पिंगिंगचा दोष थेट त्याच्यावर टाकता येत नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने जुन्या जेटिंगचं मिक्स्चर आणखी पातळ होतं.

प्र. किक उलटी मारते.

टायमिंग पुढे गेलंय किंवा ऑटो ॲडव्हान्स अडकलाय. दुरुस्त होईपर्यंत किक मारू नका, घोटा मोडतो.

प्र. पहिलं ऑइल काढलं, त्यात चमक आहे.

पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा आणि उन्हात बघा. पहिल्या ५०० किलोमीटरच्या ऑइलमध्ये बारीक करडी चमक असते, ती रिंगा आणि बोअर एकमेकांना घासून बसल्याची. मग लोहचुंबक फिरवा. चिकटणारे बारीक कण थोडे असतील तर ठीक. चिकटणारे तुकडे म्हणजे गिअर, रोलर किंवा रिंग. न चिकटणारी चंदेरी पूड पिस्टनची. नखाने चेपणारे मऊ चंदेरी पापुद्रे दिसले तर फ्लोटिंग बुशचा लेप सुटतोय, गाडी उभी करा. पिवळसर कण स्मॉल एंडच्या किंवा इतर पितळी बुशचे.

प्र. जाड ऑइल घातलं तर आवाज कमी होईल का?

होईल, आणि कारण तिथेच राहील. २०W५० च वापरा. फारच जाड ऑइल सकाळी पंपाकडून उचललं जायला वेळ लागतो आणि तोवर बिग एंड कोरडा.

प्र. नव्या पिस्टनचा आवाज "चालून चालून बसेल" असं सांगितलंय. किती दिवस वाट बघू?

रिंगा आणि बोअर बसायला ५०० किलोमीटर पुरतात. तोवर अर्ध्याहून जास्त थ्रॉटल नको, टॉपला पन्नासच्या वर नको, आणि एकाच वेगाने तासन्‌तास नको. ५०० ला ऑइल बदला आणि हेड आवळून टॅपेट सेट करा. तेवढ्यात कमी होत जाणारा आवाज बसणारा आहे. तसाच राहिलेला सैल फटीचा असू शकतो. दर शंभर किलोमीटरला वाढणारा आवाज कधीच बसत नाही, मेकॅनिकने कितीही धीर दिला तरी.

प्र. लांबच्या जाणकाराला आवाज ऐकवायचा आहे. फोनवर कसा रेकॉर्ड करू?

फोन इंजिनपासून हातभर लांब धरा, सायलेन्सरच्या बाजूला नको. थंड किकपासून सुरू करून एक मिनिट डावीकडून, एक मिनिट उजवीकडून. वीस मिनिटं चालवून तेच पुन्हा. मध्ये एकदा क्लच दाबून सोडा आणि तसं तोंडाने सांगा. नुसती रेस मारत काढलेल्या व्हिडिओतून कोणालाच काही कळत नाही. सोबत लिहा: काय काम झालं, त्यानंतर किती किलोमीटर चालली, टॅपेट कधी आणि थंड इंजिनावर सेट केले का.

प्र. माझी गाडी नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाची आहे. हे सगळं लागू होतं का?

टॅपेटचा भाग अजिबात नाही. त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते हाताने सेट करायचे नसतात. पॉइंट नाहीत, गिअरबॉक्सही इंजिनातच आहे. ऐकायची पद्धत, साबणाचं पाणी आणि ऑइल फडक्यातून गाळणं एवढं तसंच वापरा.